सी-क्लॅम्प व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर: क्लॅम्प चांगला, पेटीतलं बाकीचं सामान यथातथाच

पाचपैकी साडेतीन स्टार. नुसत्या क्लॅम्पला साडेचार दिले असते आणि पेटीतल्या बाकीच्या सामानाला जेमतेम दीड, सरासरी काढत बसू नका, जमणार नाही, साडेतीन मी मनानेच दिलेत.

वस्तू म्हणजे मोटरसायकलच्या हेडसाठी (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) मिळतो तो सी-क्लॅम्प टाइप व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरायचं टूल, प्लास्टिकच्या पेटीत येतो तो. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे शिव्या घालायच्या आहेत म्हणून, आणि तसंही हुबेहूब अशाच पेट्या वेगवेगळ्या नावांनी विकायला असतात. आत एक जाड लोखंडी सी फ्रेम, लांब स्क्रू आणि त्याला आडवा दांडा, खिडकी कापलेले पाच अ‍ॅडॉप्टर १६, १९, २३, २५ आणि ३० एमएमचे, सक्शन कपवाली लॅपिंगची (व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासायची) काठी, ग्राइंडिंग पेस्टची एक डबी आणि चुंबक लावलेली एक बारीक दांडी. सूचनापत्रक आहे पण त्यात चित्रं सोडून काही नाही, आणि चित्रातलं हेड कुठल्या गाडीचं ते ब्रह्मदेवालाच ठाऊक.

वापरला कशावर ते सांगतो, कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. ट्रायम्फची ६५० सीसी ट्विन, १९६३ नंतरचं युनिट इंजिन म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेलं. दोन सिलेंडर, चार व्हॉल्व्ह, प्रत्येक व्हॉल्व्हला आतली आणि बाहेरची अशा दोन स्प्रिंगा, पुशरॉडवर (कॅमचा धक्का वरच्या रॉकरपर्यंत नेणाऱ्या काठ्यांवर) चालणारं. हेड उतरवलेलं होतं, गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) नवीन घातलेले, सीट (व्हॉल्व्हचं तोंड जिथे टेकतं त्या कडा) कापून आणलेल्या, आता फक्त सगळं परत जिथल्या तिथे बसवायचं होतं. टू-स्ट्रोकवाल्यांनी इथूनच मागे फिरा, तुमच्या इंजिनात ही भानगडच नाही, मजा करा.

आता कोणी म्हणेल एवढ्याशा कामाला वेगळं टूल कशाला, स्प्रिंगवरच्या टोपीवर सॉकेट ठेवायचं आणि वरून हातोडीचा एक ठोका, टोपीला दांड्यावर अडकवून ठेवणारी दोन लॉक सुटून बाहेर. बरोबर आहे, काढायला ते चालतं, सॉकेटमध्ये चुंबक टाकलं तर लॉक हरवत पण नाहीत, आणि कित्येक जुने मेकॅनिक तसंच काढतात. पण बसवायला ठोका चालत नाही ना. बसवताना स्प्रिंग दाबायची, दाबलेली तशीच धरून ठेवायची आणि तेवढ्यात नखाएवढी दोन लॉक व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या खाचेत समोरासमोर बसवायची, हे सगळं एकट्या माणसाने दोन हातांत करायचं. एक जण दाबतो आणि दुसरा लॉक घालतो ही पद्धत पण आहे, पण त्यात दाबणाऱ्याचा हात निसटला की लॉक घालणाऱ्याच्या बोटांचं काय होतं ते सांगायला नको. कारसाठीचा मोठा लिव्हरवाला कॉम्प्रेसर कोणाकडे असेल तर तो पण चालेल असं वाटतं, पण एअरकूल हेडच्या पंख्यांमध्ये (फिन्समध्ये) त्याचा जबडा शिरत नाही, तिरका धरावा लागतो आणि तिरकं दाबणं हेच तर या कामातलं सगळ्यात वाईट. सी-क्लॅम्पचा फायदा इथे कळतो. स्क्रू फिरवून सोडला की जिथे आहे तिथेच थांबतो, दोन्ही हात मोकळे, चहा पिऊन आलात तरी स्प्रिंग तशीच दाबलेली.

फ्रेमबद्दल तक्रार नाही. डबल स्प्रिंग दाबताना सी किंचित उघडते, नीट बघितलं तर डोळ्याला दिसतं, पण सोडल्यावर परत मापात येते, कायमची वाकली वगैरे नाही. स्क्रूचे आटे मात्र कोरडे ठणठणीत आले होते आणि त्यात बारीक लोखंडाचा चुरा होता. तसाच वापरला असता तर आटे पण खाल्ले गेले असते आणि तो चुरा थेट हेडमध्ये. म्हणून पेटी आली की आधी स्क्रू पूर्ण बाहेर काढा, रॉकेलने ब्रशने धुवा, ग्रीस लावा, मग आत. ग्रीस लावल्यावर इतका हलका फिरतो की आधीचा हाच का असा प्रश्न पडतो. आटे बारीक असल्यामुळे एका फेऱ्यात स्प्रिंग थोडीशीच दाबली जाते, काहींना हे हळू वाटेल, मला उलट आवडलं, इथे घाई करायचीच नसते.

स्क्रूच्या टोकाला फिरती चकती आहे, ती दहनकक्षाच्या बाजूने व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकते. ट्रायम्फचं दहनकक्ष अर्धगोल, व्हॉल्व्ह तिरके, त्यामुळे चकती फिरती आहे ते बरंच आहे, पण ती नुसती गुळगुळीत लोखंडाची आहे आणि घसरते. मी चामड्याचा तुकडा मध्ये ठेवला, घसरणं बंद. रबर ठेवू नका, रबर दाबलं जातं आणि आपल्याला कळत नाही की स्प्रिंग किती दबली आणि रबर किती दबलं.

आणि आता अ‍ॅडॉप्टर. सगळा जीव या टूलचा अ‍ॅडॉप्टरमध्ये आहे आणि बनवणाऱ्याने नेमकी तिथेच पाट्या टाकल्यात.

काम काय असतं बघा. अ‍ॅडॉप्टरने स्प्रिंगवरची टोपी म्हणजे रिटेनर तेवढी खाली दाबायची, व्हॉल्व्हच्या दांड्याला हात लावायचा नाही. म्हणजे अ‍ॅडॉप्टरची कड टोपीच्या मधल्या भोकाच्या बाहेर पण टोपीच्या कडेच्या आत अशी बसली पाहिजे, आणि बाजूला जी खिडकी कापलेली असते ती इतकी मोठी हवी की चिमट्याने लॉक आत नेऊन फिरवता आलं पाहिजे. पाचातला एकच माझ्या टोपीवर नीट बसला. त्याच्याहून लहान घेतला तर लॉक जायला जागा उरत नाही, मोठा घेतला तर कडेवरून घसरतो. हे होणारच, पाच साइजमध्ये सगळ्या जगातल्या टोप्या कशा बसणार, त्याबद्दल रडत नाही. रडणं खिडकीच्या कडांबद्दल आहे. कापलंय तसंच सोडून दिलंय, धार तशीच, बोटाला लागते ते लागते वर बारीक पापुद्रा सुटून टोपीवर पडलेला मी स्वतः बघितला. तो पापुद्रा लॉकच्या आणि टोपीच्या मध्ये अडकला तर लॉक पूर्ण बसणार नाही. तर बारीक अर्धगोल कानस घ्या आणि पाचही खिडक्यांच्या कडा मारून घ्या, कंटाळवाणं काम आहे पण व्हायलाच हवं.

दुसरं म्हणजे तोंड सरळ आहे का ते. अ‍ॅडॉप्टर काचेवर उभा ठेवा आणि मागून टॉर्च मारा. माझ्या पेटीतल्या २३ वाल्याखालून एका बाजूने उजेड दिसत होता. असा अ‍ॅडॉप्टर टोपी तिरकी दाबतो, दांडा भोकाच्या एका बाजूला चिकटतो, मग एक लॉक मजेत आत जातं आणि दुसऱ्याला जागाच राहत नाही, आणि माणूस अर्धा तास लॉकला दोष देत बसतो. काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर आठाच्या आकारात घासला की सरळ होतो. हे सगळं विकत घेतलेल्या टूलवर आपण का करायचं हा प्रश्न रास्त आहे आणि दीड स्टार त्याचसाठी गेलाय.

बसवण्याचा क्रम सगळ्यांना माहीत असतो तरी ज्या ठिकाणी टूलचा संबंध येतो तेवढं लिहितो. व्हॉल्व्ह ज्या जागेवरून निघाला त्याच जागी परत, अदलाबदल नाही, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवले की गोंधळ होत नाही. दांड्यावर खाचेच्या वरच्या बाजूला बोट फिरवून बघा, ठोकून ठोकून तिथे कड उभी राहिलेली असते, ती कड तशीच ठेवून व्हॉल्व्ह नव्या गाइडमधून ओढला तर गाइडला आतून ओरखडा पडलाच समजा. बारीक ऑइलस्टोनने ती कड काढायची, धुवायचं, मगच दांड्याला तेल लावून आत. मग स्प्रिंगखालची चकती, दोन्ही स्प्रिंगा, वरची टोपी. स्प्रिंगचे वेढे एका टोकाला जवळजवळ असतील तर ते टोक हेडकडे, खाली. जुन्या ब्रिटिश इंजिनांत बऱ्याचदा स्टेम सील (दांड्यावरून तेल खाली जाऊ न देणारी सीलं) नसतातच, तुमच्यात असतील तर सील सरकवताना दांड्याच्या खाचेवर पातळ प्लास्टिकची नळी किंवा टेप लावा, खाचेची धार सीलचा ओठ कापते आणि मग नवीन सील घालून पण गाडी धूर मारत फिरते.

क्लॅम्प लावला, स्क्रू फिरवायला लागलात की नजर खिडकीतून खाचेवर. खाच पूर्ण दिसली आणि तिच्याखाली थोडी जागा झाली की थांबायचं. लोक दाबत सुटतात. जास्त दाबलं की टोपी इतकी खाली जाते की लॉक खाचेत न अडकता सरळ खाली घसरतं, टोपीच्या आणि दांड्याच्या मधून स्प्रिंगच्या आत, आणि मग सगळं सोडून पहिल्यापासून सुरू. लॉकच्या आतल्या बाजूला घट्ट ग्रीसचा ठिपका लावायचा, पहिलं लॉक खिडकीतून आत नेऊन दांड्याभोवती फिरवत पलीकडच्या बाजूला न्यायचं, ग्रीसमुळे ते तिथे चिकटून राहतं, मग दुसरं अलीकडून. या कामाला पेटीतली चुंबकवाली दांडी अजिबात घेऊ नका. लॉक उचलते झकास, सोडत मात्र नाही, खाचेत ठेवून दांडी मागे घेतली की लॉक पण तिच्यासोबत बाहेर. साधा पितळी चिमटा किंवा ग्रीस लावलेला बारीक स्क्रूड्रायव्हर याच्या दहापट बरा. चुंबक खाली पडलेलं लॉक शोधायला ठेवा.

आता स्क्रू हळूहळू सोडायचा आणि सोडताना दोन लॉकमधल्या दोन्ही फटी बघत राहायचं. दोन्हीकडे सारखी फट आणि दोन्ही लॉकची तोंडं एका पातळीत असली तर बसली. एक वर एक खाली दिसलं तर परत दाबा, सोडून देऊ नका, गाडी चालू असताना लॉक निसटलं की व्हॉल्व्ह सिलेंडरमध्ये पडतो आणि मग पिस्टनपासून हेडपर्यंत सगळ्याचा हिशोब होतो. क्लॅम्प हे तुम्हाला सांगू शकत नाही, दिसायला बसलेलं लॉक पण कधीकधी अर्धवट असतं. म्हणून क्लॅम्प काढल्यावर हेड लाकडी ठोकळ्यांवर असं ठेवायचं की व्हॉल्व्हला खाली उघडायला जागा राहील, वर फडकं टाकायचं, डोळ्याला चष्मा, आणि प्लास्टिकच्या हातोडीने दांड्याच्या टोकावर दोन-तीन हलके ठोके. अर्धवट बसलेलं असेल तर इथेच उडेल, फडक्यात सापडेल. ठोका मारल्यावर टक् असा कोरडा आवाज येऊन व्हॉल्व्ह जागेवर परत येतो, तो आवाज एकदा कानात बसला की चारही व्हॉल्व्ह सारखे वाजतायत का ते लगेच कळतं.

लॅपिंगच्या काठीबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. सक्शन कप कडक प्लास्टिकसारखा आहे, व्हॉल्व्हवर चिकटत नाही, तेल असलं तर अजिबातच नाही. पेस्ट जाड दाण्याची आहे आणि ताज्या कापलेल्या सीटवर ती वापरणं म्हणजे मशीनवाल्याने केलेल्या कामाची माती करणं. नवीन सीटला बारीक पेस्टने जेमतेम थोडं फिरवायचं, सगळीकडून सलग राखाडी, मॅट रिंग दिसली की बस. त्यानंतर धुणं महत्त्वाचं, पेस्टचा कण गाइडमध्ये राहिला तर तो तिथे दांड्याला घासत बसणार. स्प्रिंगा बसल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहनकक्षाच्या बाजूने बघायचं, सीटच्या कडेला ओल आली नाही म्हणजे झालं. मी ही काठी बाजूला ठेवून जुनी लाकडी दांड्याची वापरली, डबी कुठल्यातरी गवत कापायच्या मशीनला कामाला येईल.

हेड बसल्यावरचं काम या टूलचं नाही, तरी ट्रायम्फवाल्यांसाठी दोन ओळी. रॉकर बॉक्स (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरची पेटी) खाली घेताना पुशरॉडची वरची टोकं रॉकरच्या गोळीखाली बसली पाहिजेत, इनलेटचे मागे, एक्झॉस्टचे पुढे, टोकांना ग्रीस लावून उभे केले की सरळ राहतात. नट आवळण्याआधी वरच्या झाकणांच्या भोकांतून टॉर्च मारून चारही बघा, एक जरी बाजूला टेकलेला असला आणि तुम्ही नट आवळत गेलात तर अ‍ॅल्युमिनियमचा पुशरॉड वाकतो, अगदी निमूट वाकतो, आवाज सुद्धा करत नाही. त्या काळच्या नटांना व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश) मापाचे पाने लागतात, मेट्रिक पाना कोंबला की कोपरे गोल. टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली) थंड इंजिनवर इनलेट ०.०५ एमएम आणि एक्झॉस्ट ०.१० एमएम, एक्झॉस्ट जास्त तापतो म्हणून त्याला जास्त. सेट करताना सोपी युक्ती म्हणजे एका सिलेंडरचा इनलेट पूर्ण उघडा आला की दुसऱ्याचा इनलेट सेट करायचा, एक्झॉस्टचंही तसंच, टायमिंगची खूण शोधत बसायला नको. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांचं तंत्र वेगळं, टॅपेट खाली, सिलेंडरच्या बाजूच्या झाकणामागे, आणि तिथे फिलर गेजपेक्षा बोटं जास्त चालतात, पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये.

कोणी घ्यावा म्हणाल तर ज्याच्या इंजिनात साध्या गोल वेढ्यांच्या स्प्रिंगा आहेत आणि ज्याला हेड स्वतः उघडायची हौस आहे त्याने बिनधास्त घ्यावा. १९६९ ला आलेल्या होंडा सीबी७५० सारख्या चार सिलेंडरच्या हेडला आठ व्हॉल्व्ह असतात, तिथे तर हात मोकळे राहण्याची खरी किंमत कळते. एकच व्हॉल्व्ह एकदाच बसवायचा असेल तर कोणाकडून तरी मागून आणा, पेटी घरात पडून राहील.

ज्यांनी घेऊ नये ते पण सांगतो. मॅन्क्स नॉर्टन, व्हेलोसेट व्हेनम असल्या इंजिनांत हेअरपिन स्प्रिंगा असतात, लांब पाय बाहेर आलेल्या, तिथे हा अ‍ॅडॉप्टर टेकवायला जागाच नाही, त्यांचं टूल वेगळं. बीएसए एम२० सारख्या साइड व्हॉल्व्हमध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलेंडरच्या शेजारी उभे असतात, तिथे ही सी बसवायला गेलात तर नुसती झटापट. आणि ड्युकाटी डेस्मोवाल्यांनो, तुमच्याकडे व्हॉल्व्ह बंद करायलासुद्धा रॉकर आहे, तुमची दुखणी वेगळ्या पेटीतली.

घेणार असाल तर मागवण्याआधी टोपीचा बाहेरचा व्यास आणि मधल्या भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजून ठेवा. पेटी आली की क्लॅम्प न लावता नुसते अ‍ॅडॉप्टर टोपीवर ठेवून बघा, एकही नीट बसत नसेल तर कानस मारायच्या आणि ग्रीस लावायच्या आधीच परत पाठवा, नंतर कोणी घेत नाही.